वेस्ली मोकळा झाला त्याची गोष्ट

आमच्या मिनेसोटात बर्फावरची हॉकी कळत नाही असा माणूस सापडायचा नाही, पण हॉकीतले डावपेच कळतात ते मला. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांना दलाल ठेवायची बंदी. घरचा सल्लागार मात्र चालतो. आमच्या वेस्लीचा सल्लागार त्याचा मामा, म्हणजे मी.

वेस्ली अठराचा असताना दूर दक्षिणेतल्या एका क्लबानं त्याच्यावर हक्क सांगून ठेवला होता. कॉलेज संपल्यावर पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी पाचपर्यंत करार केला नाही, तर पोरगा मोकळा. मग कुणाकडेही जावं. वेस्लीला हवा होता आपल्या राज्यातला क्लब. आई गाडी काढून सामन्याला येईल एवढ्याच अंतरावरचा.

"मग लपायचं. क्लबाचा फोन आला तर उचलायचा नाही," मी म्हणालो. तळ्याकाठच्या आमच्या लाकडी खोपटात फोनही लागत नाही.

पंधराच्या दुपारी पाणी निजलेल्या बाळासारखं शांत होतं. तेवढ्यात एक होडी फटफटत आली. आत चकचकीत बुटांतला गृहस्थ.

"क्लबाकडून आलोय. वेस्ली इथंच असतो ना?"

वेस्ली मागच्या सौनात, गरम वाफेच्या खोलीत, घाम गाळत होता.

"मासे धरायला गेलाय," मी म्हणालो. "उत्तरेच्या खाडीत. लव्हाळ्यातून सरळ जा."

त्या लव्हाळ्यात बदकंसुद्धा विचार करून शिरतात. मीच होडीला प्रेमानं धक्का दिला.

सहा वाजता गृहस्थ होडी ओढत परतला. गुडघ्यापर्यंत चिखल, एक बूट गायब. वेस्ली टॉवेल गुंडाळून धक्क्यावर उभा.

"उशीर झाला हो," मी गोड आवाजात म्हणालो. "पोरगा मोकळा झाला."

"कुणापासून?" गृहस्थ खाली बसला. "दक्षिणवाल्यांनी कालच याचे हक्क आम्हाला देऊन टाकले. मी तुमच्याच राज्यातल्या क्लबाचा. पाचच्या आत सही हवी होती."

वेस्लीचा चेहरा पडला. तळ्यावर एक पाणपक्षी रडल्यासारखा ओरडला. मलाही तसंच ओरडावंसं वाटलं.

"अजून सही चालेल?" वेस्लीनं हळूच विचारलं.

गृहस्थानं मोज्यातलं पाणी पिळलं. "तू चालशील. पण फोन उचलू न देणारा तो सल्लागार मामा आमच्या आसपास दिसता कामा नये. कुठाय तो?"

वेस्लीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात.

"मामा आलाच नाही," तो म्हणाला. "हे शेजारचे काका."

मी मान डोलावली. मग शेजारधर्म म्हणून पाहुण्यांना कॉफी केली आणि त्यांचा दुसरा बूट शोधायला लव्हाळ्यात उतरलो.