शेवंतीचा वाफा आणि चार कोंबड्या

कोंबड्या पाळायला अक्कल लागत नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलोय. आजही माझं मत बदललेलं नाही. अक्कल लागते ती बायकोला फोनवर त्याबद्दल सांगताना!

झालं असं, की लेकीला बाळ झालं आणि बायको तिच्याकडे गेली. रात्रभराचा बसचा प्रवास. निघण्याआधी तिने मला घर दाखवलं. म्हणजे ज्या घरात मी इतकी वर्षं राहतोय, तेच! हा चहाचा डबा, ही साखर, हे गॅसचं बटण. शेवटी मागच्या अंगणात नेऊन शेवंतीच्या वाफ्यापुढे उभं केलं.

"बाकी काही विसरलात तरी चालेल. हिच्याकडे तेवढं बघा."

"तू निर्धास्त जा. मी आहे ना!"

"म्हणूनच सांगतेय."

आता माझी एक खोड सांगायला हवी. मी एका कारखान्यात भांडारपाल होतो. साहेबांचा फोन यायचा, "काय स्थिती?" आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, "सगळं जागेवर!" मग उंदरांनी मशीनचे पट्टे कुरतडलेले असोत, की छत गळून खिळ्यांच्या पेट्या गंजलेल्या असोत. आधी सगळं जागेवर म्हणायचं आणि मग धावाधाव करून ते जागेवर आणायचं. निवृत्त होताना कारखान्याने किल्ल्या परत घेतल्या, ही सवय काही घेतली नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. हवं तेव्हा उठा, हवं तिथे टॉवेल टाका! मग हळूहळू घर गप्प व्हायला लागलं. बायको बोलते तेव्हा मी ऐकत नाही, हे खरं आहे. पण ती बोलतच नसली तर माणसाने न ऐकायचं तरी काय? मागच्या पडवीत तिची वेताची खुर्ची होती. तिच्यावर बाळासाठी विणायला घेतलेलं अर्धं स्वेटर आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा, घाईत विसरून राहिलेला. मी त्या खुर्चीवर बसत नव्हतो. समोर स्टूल घेऊन चहा प्यायचो आणि खुर्चीला बातम्या सांगायचो. माणसाने इतकं बावळट असू नये, पण मी होतो.

घरात कुणीतरी कुरकुरणारं हवं, म्हणून मी बाजारातून चार कोंबड्या आणल्या.

लोकांना सांगायला कारणं वेगळी होती. ताजी अंडी! बागेला खत! किडे फस्त! मी फळ्या आणल्या, जाळी आणली, करवतीने एक बोट कापून घेतलं, मग सुतार आणला. खुराडं आमच्या न्हाणीघरापेक्षा देखणं झालं. त्यानंतर कळलं, की पक्षी पक्ष्यांचं खाद्य खातात आणि ते माणसांच्या खाद्यापेक्षा महाग असतं. पहिलं अंडं मिळालं, ते मला साधारण मनगटी घड्याळाच्या भावात पडलं. पण काय सांगू, हातात घेतलं तर गरम होतं! ते कुणाला तरी दाखवावं म्हणून मी ओरडत पडवीत गेलो, आणि खुर्ची रिकामी होती.

मग फोन लावला.

"अगं, घरची अंडी! कोंबड्या आणल्यात!"

"तुम्ही? कोंबड्या?" ती हसली. किती दिवसांनी ते हसणं ऐकलं! "आणि बाकी काय?"

"सगळं जागेवर!"

"बरं झालं बाई. मला इकडे तुमचाच घोर होता. आता काळजी नाही. मग मी अजून महिनाभर राहते."

घ्या! मला म्हणायचं होतं, अगं, लवकर ये. तोंडातून निघालं, "रहा की! घाई काय आहे?"

इकडे कोंबड्यांनी आपापली कामं वाटून घेतली होती. पुढेपुढे मिरवणारी मुकादम, दिवसभर टकटक चोच मारणारी टायपिस्ट आणि दोघी मावश्या, थोरली आणि धाकटी. एका दुपारी माझा डोळा लागला. उठून बघतो तर शेवंतीचा वाफा गायब! त्या जागी चार खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक बाईसाहेब पाय वर करून धुळीत अंघोळ करतायत!

नेमका त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला.

"शेवंती दाखवा ना," ती म्हणाली. "कळ्या आल्या असतील."

"दाखवतो की! सगळं जागेवर!"

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. त्यांच्याकडेही शेवंती आहे. मी स्टुलावर चढलो, भिंतीवरून हात लांबवला आणि मोबाईल त्यांच्या फुलांवर धरला.

"अय्या, किती फुललीय! पण आपली तर पांढरी होती. ही जांभळी कशी?"

"खत! कोंबडीखताची कमाल!"

"अहो!" भिंतीपलीकडून शाळेच्या पटांगणातला आवाज आला. "माझ्या वाफ्यात मोबाईल काय घालताय?"

मी कॉल तोडला. घाईत उतरताना स्टुलासकट मुकादमीणबाईंच्या अंगावर पडलो. मग 'नेटवर्क गेलं होतं' असा निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाग छान ठेवलीत. लेक म्हणतेय, बाळ रांगेपर्यंत रहा. राहू ना?"

बाळ अजून कुशीवरही वळत नव्हतं! 'नको' एवढंच लिहायचं होतं. मी 'हो' लिहिलं.

त्यानंतर थोरल्या मावशीचं बिनसलं. ती खुराडं सोडून थेट पडवीत आली, वेताच्या खुर्चीवर चढली आणि लोकरीच्या गुंड्यावर फतकल मारून बसली. खाणं नाही, पिणं नाही. उठवायला गेलो की फिस्कारायची, चोच मारायची. मी घाबरून कोंबडीवाल्याला फोन केला.

"खुडूक झालीय साहेब," तो म्हणाला. "पिल्लं काढायला बसलीय."

"अहो, पण खाली अंडं नाही! लोकर आहे!"

"तिला काय त्याचं? ती वाट बघत बसणार."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. दोघंही वाट बघत. तिला लोकरीतून काहीतरी येईल अशी आशा होती, मला फोनमधून. त्यातल्या त्यात तिची बाजू बरी होती. ती निदान, आपल्याला काय हवंय ते जागेवर बसून सरळ दाखवत होती.

आणि मग तो कॉल आला.

"अहो, माझी लोकर खुर्चीवर राहिलीय. स्वेटरासकट कुरिअरने पाठवून द्या. आता राहायचंच आहे, तर इथेच विणते."

आता लोकरही जाणार! तरी तोंड म्हणालं, "आत्ता पाठवतो!" मी एका हातात मोबाईल धरून दुसरा हात मावशीखाली घातला.

पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. मावशी माझ्या डोक्यावर चढली. लोकरीचा गुंडा सुटला, माझ्या पायांत गुरफटला आणि मी पडवीच्या पायऱ्या एकदमच उतरलो. मोबाईल खड्ड्यात उताणा पडला. टायपिस्ट त्याच्यावर चोची मारायला लागली. भिंतीवरून बाई ओरडल्या, "परवा माझी शेवंती, आज आणि काय?"

"अहो!" खड्ड्यातून बायकोचा आवाज आला. "काय चाललंय तिकडे?"

"सगळं जागे..."

आणि मला पुढे बोलवेना. मी मातीत बसलो होतो, डोक्यात पिसं, पायांत पिवळी लोकर.

"काहीही जागेवर नाही," मी म्हणालो. "शेवंती नाही. ती जांभळी बाईंची होती. चहात रोज साखर जास्त होते. कोंबडी तुझ्या खुर्चीवर बसलीय आणि जेवत नाही. मलाही जेवण जात नाही. तू नाहीस तर काय जागेवर असणार इथे?"

भिंतीवरच्या बाईसुद्धा गप्प झाल्या, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

"तिला उठवू नका," शेवटी बायको म्हणाली. आवाज जरा ओला होता. "मी येते."

ती आली त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ती बॅग माझ्या हातात देऊन तडक पडवीत गेली आणि कोंबडीला म्हणाली, "काय गं, किती वाळलीस!"

जिने मला फाडून खायचं बाकी ठेवलं होतं, त्या मावशीने निमूट उचलून घेऊ दिलं हो! बायकोने तिला दाण्यांपाशी सोडलं, खुर्ची झटकली आणि तिच्यावर बसली. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्हीही वाळलात."

एवढंच. पण मला पुरलं.

संध्याकाळी तिने बाईंकडून शेवंतीच्या फांद्या आणून वाफा नव्याने लावला. भोवती जाळी घातली, जाळीला दार केलं, दाराला कडी लावली. मी पाण्याची झारी धरून उभा होतो.

"आता किती दिवस आहेस?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"बाळ तिकडे वाट बघतंय हो." तिने हात झटकले. "ही शेवंती फुलेपर्यंत आहे. फुलली की जाईन."

तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत चहा टाकत होती, तेव्हा मी दबक्या पावलांनी वाफ्यापाशी गेलो आणि जाळीची कडी काढली. मुकादमीणबाई माझ्याकडे बघून आत शिरल्या. मागोमाग टायपिस्ट, मग दोघी मावश्या.

"अहो, काय चाललंय तिकडे?" आतून हाक आली.

"काही नाही गं!" मी म्हणालो. "सगळं जागेवर!"