पुरे म्हणेपर्यंत

रविवारी दुपारी पायसांदू गावाहून बाबांचा फोन आला, टीव्हीवर मॅच लागत नाही म्हणून. रामिरोने मॉन्टेव्हिडिओत बसल्या बसल्या आपला फोन त्यांच्या टीव्हीला जोडला, मॅच लावून दिली आणि काम संपलं असं समजून तो मोकळा झाला. पोटच्या पोराने घाईत केलेली कामं साधारण अशीच संपतात.

एकाचा पडदा दुसऱ्याच्या घरी दिसावा, इथलं बटण तिथे चालावं, यासाठी यंत्रांनी आपसांत कसं बोलायचं याचे नियम बसवणं हाच रामिरोचा धंदा. त्यातल्या निरोपाच्या नियमाचा त्याला भारी अभिमान. येर्बाचा कडवट चहा पाजणारा जसा समोरचा 'धन्यवाद', म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत तुंबा भरून देतच राहतो, तशी समोरच्या यंत्राने पुरे म्हणेपर्यंत जोडणी तोडायची नाही. पडद्याच्या कोपऱ्यात 'पुरे का?' एवढंच यायचं. बटण दाबलं की निरोप.

"आणि कुणी दाबलंच नाही तर?" त्याच्या साहेबीण सिल्वानाबाईंनी विचारलं होतं.

"कोण कशाला नाही दाबणार?" रामिरो हसला होता.

बुधवारी टीव्ही बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली. त्यांनी मान हलवली तर नियम घरोघरी जाणार, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. रामिरो फोनवरून भिंतीवरच्या पडद्यावर चित्रं दाखवत होता. तिसऱ्या चित्रात त्याची आई नेलिदा होती, टीव्हीऐवजी कॅमेऱ्यावरच रिमोट रोखून बसलेली. गेल्या वर्षी ती गेली. "हे सगळं अशा माणसांसाठी," असं म्हणून तो पुढे सरकला. पडद्यावरचं चित्र आपोआप मागे आलं. तो पुन्हा पुढे गेला, पुन्हा आई. चिडून त्याने एकदम शेवटचंच चित्र लावलं, तर पडदा एकेक चित्र मागे सरकत शांतपणे आईपाशी येऊन थांबला.

आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने घाईघाईने बाबांना फोन लावला. पण फोन भिंतीला जोडलेला, त्यामुळे बाबांचा आवाज साऱ्या खोलीत घुमला.

"बाबा, तुम्ही रिमोट दाबताय का?"

"दाबतोय. तू नुसता पुढे पळतोस. नेलिदाला नीट बघू तरी दे."

"म्हणजे रविवारपासून माझा फोन तुमच्या टीव्हीवर दिसतोय?"

"दिसतोय की. रोज बाहेरचं मागवून खातोस, ते काही बरं नाही. आणि 'बाबांना फोन' अशी आठवण लावून ठेवतोस, मग ती रोज उद्यावर ढकलतोस."

सिल्वानाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"अहो, कोपऱ्यात 'पुरे का?' असं येतंय ना? मग बटण का नाही दाबलंत?"

"पुरे झालं नव्हतं," बाबा म्हणाले.

रामिरो पडदा बंद करायला गेला. पाहुण्यांतल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "राहू द्या हेच चित्र. बाकीचं तोंडी सांगा." त्याने तोंडीच सांगितलं, तेही अडखळत. पाहुण्यांनी नियम घेतला. अट एकच घातली, की कुणाचं पुरे झालेलं नाही हे फोनच्या मालकालाही दिसलं पाहिजे.

शनिवारी पहिल्या बसने रामिरो पायसांदूला पोहोचला. टीव्ही बंद होता. बाबा थर्मास काखेत धरून तुंबा भरत होते, रामिरो पीत होता. दुपारपर्यंत त्याच्या पोटात पाणी डुचमळायला लागलं.

"पुरे?" बाबांनी विचारलं.

रामिरोने रिकामा तुंबा पुढे केला.