उद्घाटनापूर्वीचा पक्षी

माळरानावरचे पक्षी मोजायला स्वयंसेवक पाहिजेत, असं निवेदन सांगलीच्या एका पक्षीमित्र समितीनं काढलं. पात्रता म्हणून त्यात 'निसर्गाची आवड व स्वतःची पाण्याची बाटली' एवढंच लिहिलं होतं. बाटली माझ्याकडं होती. आवडीचं म्हणाल तर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय, आणि सांगलीत चालायला बाहेर पडलं की कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी माजी विद्यार्थी गाठून आपल्या पोराच्या अॅडमिशनचं विचारतो. पक्षी तसलं काही विचारत नाहीत. मी शालन मगदूम, निवृत्त मुख्याध्यापिका. नाव देऊन मोकळी झाले.

काम कवठे महांकाळ तालुक्यातल्या गारुडवस्तीच्या माळावर होतं. हा माळ 'पडीक' आहे की 'पक्ष्यांचा अधिवास', असा प्रश्न वर कुठंतरी उपस्थित झाला होता आणि त्याचा निकाल आमच्या गणनेवर लागणार होता. पक्षी आढळले, तर माळ आहे तसा राहणार. नाही आढळले, तर तो पडीक ठरून त्याला तारेचं कुंपण बसणार आणि आत झाडं लागणार. हा निकाल वस्तीवरच्या मनुबाईच्या दृष्टीनं जरा महत्त्वाचा होता, कारण तिच्या मेंढ्या त्याच माळावर चरतात. मेंढ्यांना दुसरा माळ नाही आणि मनुबाईला मेंढ्यांवाचून दुसरं काही नाही.

आमच्या पथकाचा प्रमुख वर्धमान उपाध्ये. त्याचं पाइपांचं दुकान आहे आणि तो समितीचा कार्यवाह आहे. सहावीत माझ्याच वर्गात होता. निबंध लिहायला सांगितला की हा पठ्ठ्या अर्ज लिहायचा. दुसरी अंकिता, कॉलेजची मुलगी. मोबाइलमधलं अॅप तिच्याकडं. तिसरी मी. वर्धमाननं जीपमध्येच कार्यपद्धती वाचून दाखवली: भडक कपडे नकोत, मोठ्यानं बोलू नये, हालचाल कमीत कमी ठेवावी, अधिवासात कोणताही बदल करू नये.

"कळलं का बाई?" त्यानं मलाच विचारलं.

"अरे, मी तीस वर्षं पोरांना हेच सांगत आले," मी म्हटलं. "तू तेव्हा ऐकलं असतंस तर बरं झालं असतं."

उजाडता उजाडता आम्ही पोचलो, आणि माळाच्या तोंडाशीच समोर मंडप होता. मंडपावर 'भव्य पक्षीगणना सोहळा, सहर्ष स्वागत' असा फ्लेक्स होता. त्यावर सरपंच राजवर्धन हात जोडून उभे होते आणि त्यांच्या डोक्याभोवती मोर, हिरवा पोपट आणि एक पेंग्विन. शेजारी हलगीवाले हलग्या शेकत बसले होते.

राजवर्धन सरपंच पुढं आले. गडी सैन्यातून परत आलेला, पाठ अजून ताठ.

"साहेब, आम्ही मोजायला आलोय," वर्धमान हळू आवाजात म्हणाला. कार्यपद्धतीत तसं होतं ना.

"मोजा की. कोन नको म्हनतंय?" सरपंच म्हणाले. "पर आमच्या गावात पावना आला आन त्येला तसाच गवतात हुबा केला, असं कवा झालं न्हाई. आदी सत्कार, मग उद्घाटन, मग तुमचं काय मोजायचं ते."

गवताचं नाव निघालं म्हणून मी माळाकडं बघितलं. गवत नव्हतं. झुडूपही नव्हतं. माळ अंगणासारखा लख्ख झाडलेला होता, आणि मंडपापासून पुढं दुतर्फा चुन्याची रेघ मारलेली होती.

"कसा झालाय, बाई?" मनुबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली. तिच्या हातात अजून खराटा होता. "चार दिस झालं, सगळी वस्ती लागलीया. बोरी काडल्या, तरवड काडला. काटा म्हनून ठिवला न्हाई."

"पण मनुबाई, हे कशाला गं?"

"आवं, तुमी शेहरातली मानसं. पायात काटा मोडला तर तुमी आमच्या माळाला चांगलं लिवशिला व्हय?"

परीक्षेत पास व्हायचंय म्हणून पोरानं फळ्यावरचा प्रश्नच पुसून टाकावा, तसं झालं होतं. तिला रागवायला तोंड उघडलं आणि तिचे सोलवटलेले हात बघून मिटलं. फार वाईट वाटलं मला.

सत्कार सुरू झाले. वर्धमानला फेटा, मला साडीचोळी आणि नारळ, अंकिताला शाल. आमच्या जीपच्या ड्रायव्हरलाही फेटा बांधला, कारण एकाला सोडलं तर बरं दिसत नाही. मग निवेदकानं माइकवर पक्ष्यांचं महत्त्व सांगितलं, ते पलीकडच्या गावातही ऐकू गेलं असावं. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. उद्घाटक म्हणून समितीचे अध्यक्ष ऋषिराजदादा येणार होते. ते निघाले आहेत, असा फोन आला होता. निघाले आहेत म्हणजे आंघोळीला गेले आहेत, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं.

माइक बिघडला म्हणून जरा शांतता झाली, आणि तेवढ्यात तो आला.

मंडपापासून हाकेच्या अंतरावर, झाडलेल्या जमिनीवर एक तपकिरी पक्षी तुरूतुरू धावत आला, थबकला, मान वर केली, पुन्हा धावला. काडीसारखे लांब पाय, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. मागून दोन पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी.

"धाविक," वर्धमान पुटपुटला. तो पाइप विकत असला तरी पक्ष्यांवर त्याचं खरंच प्रेम आहे, हे मी नाकारणार नाही. "बाई, धाविक आहे. पिल्लांसकट. याच्यासाठीच तर हा माळ राखायचा."

"मग लिहून घे की लवकर."

वर्धमानचा चेहरा पडला. "लिहिता येणार नाही."

"का?"

"गणना उद्घाटनानंतर सुरू होते. तसा ठरावच आहे. उद्घाटनापूर्वी आढळलेला पक्षी अनौपचारिक धरला जातो."

"अरे, तो तुझ्या समोर उभा आहे."

"समोर आहे, बाई. पण अजून ग्राह्य नाही."

अंकितानं तेवढ्यात मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. अॅप उघडून बघितलं, तर तिथंही तेच. गणनेची वेळ अध्यक्षांनी त्यांच्या मोबाइलवरून सुरू करायची होती.

मनुबाईनं हे सगळं ऐकलं. तिनं वाद घातला नाही. "म्हंजी सायेब येईस्तवर ह्यो हितं ऱ्हायला पायजे, एवडंच ना?" एवढं विचारलं आणि खराटा खाली ठेवून ती गुडघ्यात वाकत वाकत माळावर गेली. पक्ष्यापासून बेताच्या अंतरावर उकिडवी बसली. तिकडून तिच्या मेंढ्या येत होत्या, त्यांना तिनं नुसता हात दाखवून थोपवलं. ऊन चढलं. पक्षी पिल्लांवर सावली धरून उभा राहिला, आणि अंकितानं तेही मोबाइलवर टिपलं. मनुबाई उन्हात बसून राहिली. मी देवाधर्माचं फार करत नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला. अध्यक्षांची गाडी लवकर येऊ दे, एवढंच मागत होते.

आणि गाडी आली हो. माझी प्रार्थना ऐकली गेली.

गाडी दिसताच सरपंचांनी हात वर केला. हलग्या कडाडल्या आणि कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. पाहुणा मोठा, म्हणून लडही मोठी होती. धूर ओसरला तेव्हा माळावर फक्त मनुबाई होती. पक्षी गेला होता. पिल्लं कुठं दडली की काय झालं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

"उशीर झाला नाही ना?" ऋषिराजदादांनी विचारलं.

"छे छे, दादा, अगदी वेळेवर," वर्धमान म्हणाला.

उघड्या माळावर दोन बांबू रोवून फीत बांधली होती. चारी बाजूंनी कुठूनही आत जाता येत होतं, तरी ती कापून होईपर्यंत कुणी आत गेलं नाही. मग अध्यक्षांनी मोबाइलचं बटण दाबलं आणि गणना रीतसर सुरू झाली.

चुन्याच्या दोन रेघांमधून आम्ही शेवटपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वर एक घार फिरत होती. पण गायरानाच्या उताऱ्यात आकाशाचा समावेश नसल्यानं ती वगळली. मंडपावर कावळे होते; ते बुंदीसाठी आलेले, म्हणून 'कार्यक्रमाश्रित' ठरले. सरपंचांनी मोठ्या मनानं घरच्या कोंबड्या आणून सोडायची तयारी दाखवली. त्यांना नम्रपणे नकार देण्यात आला.

"सर, रिकामं ठेवता येत नाही," अंकिता अॅप पुढं करून म्हणाली. "दोनच पर्याय आहेत. 'पक्षी अनुपस्थित' नाहीतर 'निरीक्षक अनुपस्थित'."

वर्धमाननं आमच्याकडं बघितलं. तिघंही फेटे-शाली लेवून हजर होतो. म्हणजे पक्षीच अनुपस्थित. यात चूक कुठंच नव्हती.

मी अहवालावर सही करणार नाही म्हणून सांगितलं. त्याचं काही अडलं नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी पोह्यांच्या बशा मोजायला एक कागद फिरला होता, त्यावर मी सही केली होती. तो अहवालाला जोडला.

"वर्धमान, तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलास ना रे तो पक्षी?" मी सांगलीत आल्यावर त्याच्या दुकानात जाऊन विचारलं.

"बघितला, बाई. रात्री झोप लागत नाही मला," तो म्हणाला, आणि खरंच त्याचे डोळे लाल होते. "पण व्यक्ती म्हणून बघितला. कार्यवाह म्हणून नाही."

माळ पडीक ठरला. कुंपण बसलं. मनुबाई एसटीनं माझ्या घरी आली, पायरीवरच बसली, आत यायला तयार होईना. चहा दिला तो तिनं गार होऊ दिला.

"बाई, खरं सांगा," ती म्हणाली. "आमचं झाडायचं कुटं कमी पडलं का?"

आयुष्यभर मी पोरांना त्यांच्या चुका दाखवत आले. त्या दिवशी मात्र आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन तिला म्हटलं, "नाही गं. तुझं काही कमी पडलं नाही."

आता राहता राहिला अंकितानं काढलेला व्हिडिओ. तो गणनेत चालला नाही, पण मोबाइलवर फार चालला. पिल्लांवर सावली धरून उन्हात उभी असलेली आई, मागं करुण बासरी, आणि खाली समितीनं घातलेली ओळ: 'हिला घर हवंय. एक झाड द्या.' हा पक्षी जन्मात कधी झाडावर बसत नाही, त्याला उघडाच माळ लागतो, असं मी त्याखाली लिहिलं होतं. त्यावर कुणीतरी मला 'निगेटिव्ह आंटी' म्हटलं. तुम्हीही तो बघितला असणार. डोळ्यांत पाणी आलं असेल, चार जणांना पाठवला असेल, आणि वाढदिवसाला केक न कापता आपल्या नावानं एक झाड दिलं असेल. त्याचं सुंदर प्रमाणपत्रही तुम्हाला मिळालं असेल. ते झाड याच माळावर लागलंय. खड्डा नेमका कुठं खणला ते मी विचारलं नाही.

परवा मनुबाईच्या एका मेंढीनं तारेतून मान घालून एका रोपाचा शेंडा खाल्ला. समितीचं काम चोख आहे. तक्रार लगेच गेली, आणि नियमाप्रमाणे तक्रारदार म्हणून झाडाच्या पालकाचं, म्हणजे तुमचं, नाव घातलंय. तारीख पडली आहे. तुम्ही यायची तसदी घेऊ नका. तुमच्या वतीनं समिती उभी राहील. मनुबाईला तेवढं मेंढ्या कुणाच्या तरी हवाली करून यावं लागेल.