दुसराच निघाला

"आता म्हणतील. बघाच, आता म्हणतील," मदतनीस बाई मास्कच्या आत पुटपुटल्या. दातांच्या डॉक्टरांना इतकं खेटून उभं असताना असं पुटपुटायचं तर मास्कच हवा.

डॉक्टरांनी चिमटा वर धरला, डोळे मोठे केले आणि ओरडले, "बोंबला! दुसराच निघाला!"

खुर्चीतल्या टेलरमावशी कापसाच्या बोळ्याआडून "हूं हूं हूं" हसल्या. बाईही हसल्या. दवाखाना उघडल्यापासून निघालेल्या प्रत्येक दाताला हेच वाक्य लाभलं होतं. अगदी सुरुवातीला एक पेशंट ते ऐकून खुर्चीतून ताडकन उठला होता आणि बाहेर बसलेले सगळे हसले होते, तेव्हापासून आपल्याला हसवता येतं असा डॉक्टरांचा समज. विनोद शिळा झाला हे त्यांना सांगणार कोण? पेशंटच्या तोंडात चिमटा आणि बाईंचा पगार डॉक्टरांच्या हातात.

मग डॉक्टरांनी चिमट्यातल्या दाताकडे पाहिलं. पांढराशुभ्र. कीड औषधालाही नाही.

मावशींनी आल्या आल्या बजावलं होतं, "किडक्याच्या शेजारच्याला धक्का लावू नका हं. दोरा मी त्यानेच तोडते. कात्री कधी वेळेवर सापडलीय मला?"

"मावशी," डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला, "खरंच दुसरा निघाला."

"हूं हूं हूं!"

"अहो, शपथ!"

बाई आणखी मोठ्यांदा हसल्या. तोच विनोद परत आला की जास्त हसायचं, ही नोकरीतली सवय.

दात लगेच परत बसवला तर रुजायची आशा असते, उशीर झाला की संपलं. पण मावशी हसायच्या थांबेनात. दात दुधात ठेवला तर थोडा वेळ टिकतो, म्हणून डॉक्टर मागच्या खोलीत धावले आणि चहासाठी आणलेलं दूध पेल्यात ओतून दात त्यात सोडला. परत येतात तो खुर्ची रिकामी. गाल इंजेक्शनने बधिर झालेला, त्यामुळे काय गेलं आणि काय राहिलं याचा मावशींच्या जिभेलाही पत्ता नव्हता.

"अडवलं का नाही त्यांना?"

"तुम्ही गंमत करत होतात ना?"

डॉक्टर पेला सांभाळत रस्त्यावर आले. चष्मेवाला दुकानाच्या दारातच उभा होता.

"काय डॉक्टर, आता दूध घालायला लागलात?"

"मावशींचा दात आहे यात! दुसराच निघाला!"

"भारी! भारी!" चष्मेवाला हसला. त्याच्या दोन अक्कलदाढा डॉक्टरांनीच काढल्या होत्या. दुकानात वळताना मात्र त्याचं हसू दिवा मालवावा तसं गेलं. डॉक्टरांनी ते पाहिलं. असं काही त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मावशी आपल्या दुकानात मशीनवर बसल्या होत्या. डॉक्टर पायरीवर धापा टाकत उभे राहिले. "मावशी, दवाखान्यात चला. पाया पडतो तुमच्या. दुसराच..."

"पुरे ना आता," कापसामुळे बोबड्या झालेल्या मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाईक यायचंय माझं."

डॉक्टरांनी पेलाच पुढे धरला. होते नव्हते ते शब्द सगळे वापरून झाले होते.

तेवढ्यात मागून बाई आल्या. धावताना मास्क हनुवटीखाली घसरलेला.

"मावशी, माझ्या तोंडाकडे बघा. हसतेय का मी?"

मावशींनी पाहिलं. नव्हत्या हसत.

"चांगला दात गेलाय तुमचा. उठा." मग बाई डॉक्टरांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "आणि डॉक्टर, तुमच्या त्या वाक्याला मला एकदाही हसू आलेलं नाही. कुणालाच येत नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग मावशींनी तोंडातला बोळा काढला आणि बाईंकडे बघतच राहिल्या.

"तुम्हालाही?" त्या म्हणाल्या. "अगं बाई! मला वाटायचं, माझ्या एकटीच्याच डोक्यात शिरत नाही."

आणि चपला पायात सरकवून त्या दवाखान्याकडे निघाल्या, तोंड उघडं ठेवूनच.