टोपीखालचं पावणं

गेनूतात्या हल्ली बोडक्या डोक्याने फिरतात, कारण त्यांची टोपी एका बोलक्या डब्याच्या डोक्यावर असते.

बोललेलं ऐकून उत्तर देणारा हा डबा त्यांच्या लेकीने, सुनंदाताईने पुण्याहून पाठवला. काकू, म्हणजे तात्यांची बायको, गेल्यापासून तात्या पेठ गावातल्या घरात एकटेच. ‘याच्याशी रोज बोला, नाहीतर माझ्याकडे राहायला या,’ ही ताईची अट. तात्या डब्याशी काय बोलले, ते तिला मोबाइलवर दिसतं. तात्यांना घर सोडायचं नाही. म्हणून रोज सकाळी ते टोपी उचलतात, ‘आमी हाय!’ असं ओरडतात आणि डबा ‘मला समजलं नाही’ म्हणायच्या आत टोपी खाली.

“पावण्याम्होरं घरातलं बोलू न्हाई, भाऊ,” हे त्यांनी मला सांगितलेलं कारण.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकालाचे पेढे तात्यांनीच गावभर वाटले होते. तेव्हापासून यंत्र कुठलंही अडो, हाक मला. परवा ताईचा फोन आला. “नुसती हजेरी लावतात रे. रविवारी न्यायलाच येते.”

मी धावत तात्यांकडे गेलो, टोपी काढली. “बोला काहीतरी. कांद्याचं बोला.”

“औंदा कांदा लई झ्याक व्हता,” तात्यांनी सुरुवात केली, “पण धुकं पडलं आन्...” क्षणभर थांबले, तोच डब्याने करपा रोगावरची औषधं घडाघडा सांगितली. तात्या दचकून मागे सरकले.

“बघितलंस? आपण बोलतोय तवर हूं न्हाई की चूं न्हाई. दम धरून बसतंय, आन् थांबलो की झडप! उसातला बिबट्या बरा, राव.”

असल्या यंत्रांशी बोलताना मलाही कसंतरी होतं. का, ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“मग त्यानं बोलायचं कसं?”

“बोलायचं कशाला? तुझी काकू कुठं बोलायची? पाठमोरी भाकरी थापायची, नुसतं हूं म्हणायची. मंग आपोआप सुचायचं.”

मी ताईला सगळं सांगितलं.

संध्याकाळी तिने तात्यांना फोन लावला. “तात्या, यंदाच्या कांद्याचं काय झालं?”

“धुकं पडलं आन्...” तात्या थांबले.

“हूं,” फोनमधून आलं.

तात्यांनी एकदा चुलीकडे पाहिलं. मग डब्याची वायर काढली, टोपी उचलून डोक्यावर घातली आणि पुढचं सांगू लागले.