विनायकची दुसरी फाइल

आमच्या वरच्या मजल्यावरचे माधवराव उकिडवे कादंबऱ्या लिहायचे आणि आपल्याच खलनायकाला कारणे दाखवा नोटीस काढायचे. थट्टा नाही करत मी. "सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा तुम्हाला काही म्हणायचे नाही असे समजून प्रकरण सहामध्ये पुढील कार्यवाही होईल." खाली सही, तारीख. आणि सात दिवस खरोखर थांबायचे! मग खलनायकाच्या वतीने खुलासाही स्वतःच लिहायचे. तो एकदा इतका पटण्यासारखा झाला की खलनायक निर्दोष सुटला आणि कादंबरी पाचव्याच प्रकरणात आटोपली.

दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खाली, उकिडवे वर. माझे यजमान आणि ते एकाच खात्यात. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मी. म्हणजे दुसरं कोणी तयार झालं नाही म्हणून मी. अंकात दर वर्षी उकिडव्यांची कादंबरी असायचीच, आणि ती त्यांच्याकडून काढून घेताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

प्रत्येक पात्राच्या दोन फायली. एकीवर 'बाहेरचा शत्रू', दुसरीवर 'आतला शत्रू'. बाहेरच्या फाइलीत साहेब, सासरा, गुंड, जो कोणी असेल तो. आतलीत लोभ, मत्सर, भीती, ज्याचं जे असेल ते, पानाला नंबर घालून, लाल टॅगने बांधलेलं. "वहिनी, बाहेरच्याशी कोणीही लढतो हो," म्हणायचे. "आतल्याचं काही रेकॉर्ड आहे का? नाही ना? मग लढणार कसं?" रेकॉर्ड हा त्यांचा लाडका शब्द. एकदा मी म्हटलं, भाऊजी, चौथं प्रकरण फर्स्ट क्लास झालंय. तर म्हणाले, "लेखी द्या." दिलं बाई! तेही फाइलला लागलं.

कागद म्हणजे देव. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा हाताने सरळ करून गादीखाली ठेवायचे. त्यांची बायको सुमन म्हणायची, "मी कागदाची असते तर यांनी माझ्याकडे एकदा तरी नीट पाहिलं असतं."

त्या वर्षीची कादंबरी विनायक नावाच्या कारकुनाची. कारखानीससाहेब त्याला एका फाइलीतलं अडचणीचं पान नाहीसं करायला सांगतो, विनायक घाबरून करतो, आणि आळ येतो भलत्याच गरीब माणसावर. हे कुठून उचललंय ते मला कळत होतं. खात्यात तेव्हा रेकॉर्ड कीपर हरबंसलालचं प्रकरण गाजत होतं. एका ठेक्याच्या फाइलीतलं चौदावं पान गायब, आणि हरबंसलाल आठ महिने सस्पेंड. चौकशी शेवटाला आलेली, सोमवारी अखेरची सुनावणी. तोवर पान सापडलं नाही तर तो कायमचा घरी. फरीदाबादला एका खोलीत राहायचा, बायको आजारी. खात्यातलं कोणी त्याच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं. एकटे उकिडवे रोज जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर जाऊन त्याच्याबरोबर चहा घ्यायचे. लेखक आहे, मन हळवं आहे, असं मी यजमानांना कौतुकाने सांगायची.

पण शेवटचं प्रकरण काही येईना. विनायक चौकशीच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि तीन आठवडे दारातच उभा.

"भाऊजी, ढकला ना त्याला आत!"

"खुलासा आलेला नाही, वहिनी."

"कोणाचा?"

"आतल्याचा."

तिकडे करोल बागेतला प्रेसवाला माझ्या नावाने ओरडत होता. शनिवारी सकाळी माझं डोकं फिरलं. वर गेले तर उकिडवे दूध आणायला गेलेले. सुमन म्हणाली, "घेऊन जा त्या फायली एकदाच्या. त्यातच कुठेतरी शेवट असेल. मी सांगेन यांना." मी विनायकच्या दोन्ही फायली पिशवीत कोंबल्या आणि बस पकडली.

प्रेसमधला कंपोझिटर बिहारचा. मराठीचा अर्थ कळायचा नाही, पण अक्षर न् अक्षर बिनचूक जुळवायचा. त्याने दुसरी फाइल चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला. "मैडम, ये अंग्रेज़ी वाला पन्ना भी लगाना है क्या? इस पर तो सरकारी मोहर है."

हिरवा, नोटिंगचा कागद. कोपऱ्यात आकडा चौदा. ज्या कंपनीला ठेका देऊ नये असं खालून लिहून आलेलं, तिलाच द्या असा शेरा, आणि खाली खात्याच्या साहेबांची सही. पान व्यवस्थित भोक पाडून टॅगमध्ये ओवलेलं. मागच्या पानावर उकिडव्यांच्या वळणदार अक्षरात 'विनायक : भीती', पुढच्यावर 'विनायक : भीती (चालू)'.

मी दोन्ही फायली परत पिशवीत कोंबल्या. दुसऱ्या कोणी केव्हाच जाळलं असतं ते. हा माणूस टॅग लावून बसला होता!

परतीच्या बसमध्ये पिशवी छातीशी धरून बसले. शेजारचा माणूस जरा सरकला तरी दचकत होते. आमच्या स्टॉपवर उतरले तर समोर उकिडवे उभे. पायात स्लिपर, हातात अजून दुधाची बाटली, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, पान कुठंय?"

"कोणाचं? विनायकचं की हरबंसलालचं?"

ते मटकन स्टॉपच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "साहेबांनी फाडायला सांगितलं होतं. फाडवेना. सरकारी कागद आहे हो."

"कागद फाडवत नाही तुम्हाला, आणि माणूस फाडवतो?" मी रस्त्यावरच ओरडले. दोन बायका थांबून बघायला लागल्या. बघा म्हटलं, खुशाल बघा. "सोमवारी तुम्ही हे पान घेऊन आत गेला नाहीत, तर मी जाईन. शप्पथ सांगते."

त्यांनी दुधाची बाटली शेजारी ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही बाहेर बसाल का? नुसतं बसायचं."

सोमवारी यजमानांनी पास काढून दिला. चौकशीच्या खोलीबाहेर लांबलचक व्हरांडा आणि एक बाक. बाकावर हरबंसलाल आधीच येऊन बसलेला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा. उकिडव्यांना बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. "बहनजी, आज भी आया है ये," मला म्हणाला. "पूरे दफ़्तर में एक यही तो है. सुबह से कुछ खाया नहीं होगा इसने, मैं परांठे बनवाकर लाया हूँ."

उकिडव्यांनी शिपायाकडून आपल्या नावाची चिठ्ठी आत पाठवली, दाराशी गेले आणि तिथेच थबकले. कपाळावर घाम. शिपायाने दोनदा त्यांचं नाव पुकारलं. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता मागे फिरणार. इतक्यात त्यांनी खिशावर हात ठेवला, पान आहे ना बघितलं आणि आत गेले.

पाऊण तास झाला. आतून एकदा कोणीतरी जोरात बोललं, मग सगळं चिडीचूप. हरबंसलाल मला सांगत होता, माधव असा आहे, माधव तसा आहे. मी हां हां करत होते आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होते.

उकिडवे बाहेर आले. बसले नाहीत. हरबंसलालसमोर सरळ उभे राहिले.

"पन्ना मेरे पास था, हरबंस. मैंने ही निकाला था. अंदर दे आया हूँ. तू छूट गया."

हरबंसलालला आधी कळलंच नाही. तो हसला. मग हळूहळू ते हसू गेलं.

"आठ महीने?" तो म्हणाला. "आठ महीने तू मेरे साथ चाय पीता रहा?"

"हाँ."

त्याने डबा बंद केला, पिशवीत ठेवला आणि उठला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, जिन्यावरून खाली उतरला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

उकिडवे त्याच्या जागेवर बसले. मला राग होता, तरी वाटलं काहीतरी बोलावं. "चांगलं केलंत भाऊजी. नोकरीची भीती सोडलीत, सोपं नाही ते."

"नोकरीची भीती विनायकला होती," ते म्हणाले. "ती मी लिहायला म्हणून लिहिली. मला नोकरीचं काय हो? जास्तीत जास्त काय, हाकलतील." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसावा तसा पँटला पुसला. "पहिल्या महिन्यातच पान देणार होतो. पण सस्पेंड झाल्यापासून तो रोज फाटकावर यायला लागला. माझ्यासाठी थांबायचा. वीस वर्षं झाली मला दिल्लीत. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. पान दिलं असतं, तर तो सुटला असता, पण दुसऱ्या दिवशी आला नसता."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," उकिडवे म्हणाले आणि जिन्याकडे बघत बसले.