खांबाभोवतीचा आकडा

टेंभुर्णीच्या शाळेतले देवानंद सर चार वर्षं हंगामीच होते. १९७४ च्या जुलैत शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते आणि त्यांचा शेरा चांगला आला तरच सर कायम होणार होते. म्हणून त्यांनी सातवीच्या वर्गाकडून एकच आकडा घोटून घेतला: १४२८५७. मोठा गुणी आकडा! दोनपासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच अंक त्याच क्रमानं येतात, फक्त सुरुवात बदलते.

घोळ फळ्यानं केला. पोरांनी उत्साहाच्या भरात जुन्या सेलमधला काळा कोळसा घोटून फळ्याला असा जाड थर दिला, की तो वाळेचना. भिंतींचा चुनाही ओला. शेवटी सरांनी कडूबा पेंटरला कागद दिला आणि ओसरीच्या खांबावर आकडा मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं.

कडूबाचा हात बैलगाडीची चाकं रंगवण्यात बसलेला. सकाळी सर पाहतात तर जाडजूड गोल खांबाभोवती सहा अंक सारख्या अंतरावर, आणि दर दोन अंकांमध्ये एक गुलाबाचं फूल.

"कडूबा, ह्याची सुरुवात कुठंय?"

"चाकाला सुरुवात असती का, सर? माप बिलकुल बराबर घेतलंय!"

"पुसून टाक जल्दी!"

"ऑइल पेंट हाय. न्हाई निघायचा."

तेवढ्यात जीप आलीच. साहेब नेमके चारच्या अंकासमोर उभे राहिले आणि वाचत वाचत एक फेरी मारून आले.

"चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर. हे काय आहे, गुरुजी?"

ओसरीत बसलेल्या सातवीच्या वर्गात पुढच्या रांगेतली गोजर उठली.

"साहेब, तुम्ही तीनपट वाचून राह्यले. इकडं एकापाशी या, मंग मूळ आकडा दिसंल."

साहेबांनी कागदावर गुणून पाहिलं. बरोबर! मग ते दोनपासून वाचू लागले. "दुप्पट!" वर्ग ओरडला. आठपासून. "सहापट!" चौथ्या फेरीला साहेबांना गरगरू लागलं. खांब धरून त्यांनी विचारलं, "आणि सातपट कुठून वाचायची?"

"ती खांबावर न्हाई, साहेब. सातनं गुणलं की समदे नऊच येतात."

साहेब पोट धरून हसले. "गोल लिहायची कल्पना कुणाची?"

सरांना क्षणभर मोह झाला. पण खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. "माझी न्हाई, साहेब. ह्या कडूबाची. मी तर पुसायला सांगत होतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. आता संपलं सगळं, असं सरांना वाटलं.

दोन महिन्यांनी सरांच्या कायम नेमणुकीचा कागद आला. सोबत साहेबांची चिठ्ठी होती: आणखी पाच शाळांचे खांब कडूबानं असेच रंगवावेत. सर आनंदानं धावतच त्याच्याकडे गेले.

"कडूबा, पाच गावं हायेत. दर गावात वेगळ्या अंकापासून लिहायला घे. म्हणजे कुठं दुप्पट होईल, कुठं तिप्पट!"

कडूबानं ब्रश खाली ठेवला आणि सरांकडे मायेनं पाहिलं.

"सर, तुम्ही कायम झाले, लई चांगलं झालं. पण चाकाला सुरुवात नसती, हे किती वेळा सांगू?"